सीडरला लागलेला कापूर

कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडजवळ कोहळ्यांचा ढीग पडला, की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. बेंगळुरूत खंडेनवमी जवळ आल्याची ती वर्दी. हातगाड्यांवर केळीचे खुंट आडवे पडतात, शेवंतीच्या माळा कोपरापासून बोटांपर्यंत हातावर मोजून विकल्या जातात, आणि पूजा झाली की रस्ताभर फुटक्या कोहळ्यांचा कुंकवाळलेला चिखल होतो, ज्यात स्कूटरवाले हमखास घसरतात. लोक म्हणतात, या दिवसांत इथली हवा छान असते. असते की. आभाळ मळकट, संध्याकाळी एखादी सर, पंखा लावायची गरज नाही. नागपूरच्या माणसाला तर ही हवा म्हणजे चैन. मला मात्र या हवेत दरवर्षी एकदा तरी आपले हात एकमेकांवर चोळून बघावेसे वाटतात, ते आपलेच आहेत ना म्हणून.

नव्वदच्या दशकातला एक आश्विन मी असाच, परक्या हातांनी काढला. त्या वर्षी आषाढात मला मुलगी झाली ती श्वास न घेताच. मी भुलीखाली होते. शुद्धीवर आले तेव्हा सगळं उरकलं होतं. नर्सने मुलगी होती एवढं सांगितलं. दाखवली नाही, कारण तोवर दाखवायला काही उरलं नव्हतं. मी न बघितलेलंच बरं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. कोणी ठरवलं, कुठे उभं राहून ठरवलं, हे मी विचारलं नाही. पुढचं जे काय करायचं असतं ते हॉस्पिटलच्याच लोकांनी केलं असणार, अशी मी माझी समजूत करून घेतली. माझा नवरा अविनाश पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून होता. त्याने मला मोसंबीचा रस दिला. मी प्यायले. आंबट होता की गोड, ते आजही सांगता येणार नाही.

दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग ओठ दुसऱ्याच कोणाचा वाटायला लागतो, तसं माझं सगळ्या अंगाचं झालं होतं. गरम चहाने जीभ पोळली की ती पोळल्याचं नंतर फोडावरून कळायचं. दूध मात्र यायचं तेव्हा आलंच, त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या देऊन तेही थांबवलं. भेटायला येणाऱ्या बायका माझ्याकडे बघून रडायच्या आणि मी त्यांना रुमाल आणून द्यायचे. एकीने जाताना दुसरीला जिन्यात म्हटलेलं मी ऐकलं, "किती खंबीर आहे गं!" मला हसू आलं. भिंतसुद्धा खंबीर असते.

त्या खंबीरपणातच मी एक गोष्ट ठरवून टाकली होती. दिवाळीला नागपूरला माहेरी जायचं आणि परत यायचं नाही. भांडण नव्हतं, राग नव्हता, दुसरं कोणी नव्हतं. अविनाशकडे बघून काहीच वाटत नव्हतं, एवढंच. आणि त्यालाही माझ्याकडे बघून काही वाटत असावं असं दिसत नव्हतं. दोन बधिर माणसांनी एका छपराखाली राहून कोणाचं भलं होणार होतं? आईला खालच्या घरमालकांच्या फोनवरून मी हळूच सांगितलं होतं. ती म्हणाली, "येऊन जा ना बाई. तिथं काय करून राहिली तू एकटी?" एकटी नव्हते मी तशी. पण आईचं चुकलं होतं असंही नाही.

घरमालक म्हणजे अप्पय्या अंकल. कोडगूतले, म्हणजे कूर्गचे, आयुष्यभर कॉफीचा मळा सांभाळून म्हातारपणी बेंगळुरूत आलेले. उंच, ताठ, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावर ते मांजराशी बोलले तरी वर आम्हाला ऐकू यावं. त्यांचा मुलगा सिंगापूरहून अमेरिकेला घर हलवताना काही सामान इकडे पाठवून मोकळा झाला होता. त्यात वाइनच्या बाटल्या ठेवायचा एक काळा, काचेच्या दाराचा, कमरेएवढा फ्रिज होता. तो इथे आल्यावर आमच्या लाडक्या व्होल्टेजने आठवड्याभरात त्याचा जीव घेतला. तोवर अंकलची वाइनही डॉक्टरांनी बंद केली होती. उरले होते मुलाने पाठवलेले सिगार, आठवड्यातून एकाला परवानगी असलेले. पण हे सिगार भारी नाजूक. कोरडे दिवस आले की तडकायचे, पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशी चढायची. त्यांना ना फार ओल चालत, ना फार कोरड. म्हणून अंकलच्या डोक्यात आलं, की त्या मेलेल्या फ्रिजचंच सिगारचं कपाट करावं. तारांचे रॅक काढायचे, तळाशी पाण्याने भिजवलेला स्पंज ठेवायचा आणि आत सीडरच्या लाकडाचे ट्रे बसवायचे. सीडर ओल धरतं, सोडतं, आणि त्याच्या वासाने तंबाखू सुधारतो.

लाकूड त्यांच्याच मळ्यातलं. कॉफीवर सावली धरणारं एक जुनं झाड वादळात पडलं होतं, त्याच्या फळ्या अंकलनी जपून ठेवल्या होत्या. ते त्याला सीडर म्हणत. लालसर, हलकं, रेषारेषांचं लाकूड. अविनाश यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात ड्रॉइंग काढायचा. सुतारकाम हा त्याचा फावल्या वेळचा नाद होता, म्हणजे आमच्या घरात एक स्टूल आणि एक डुगडुगणारी मांडणी. अंकलनी विचारलं आणि हा लगेच हो म्हणाला. मला वाटलं, बरं झालं, ह्याला कुठे बसायचं ते सापडलं. काचेच्या दाराचं ते काळं खोकं चौघांनी उचलून आमच्या हॉलमध्ये आणून ठेवलं आणि सोफा भिंतीला गेला.

भाद्रपद सरता सरता काम सुरू झालं. शिवाजीनगरच्या एका वखारीत फळ्या पातळ चिरून घेतल्या, चिकपेटेतून पितळेचे बारीक खिळे आले. रोज कारखान्यातून आला की तो कपडे बदलायचा, चहा उभ्यानेच प्यायचा आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसायचा. रंध्याचा आवाज, मग पॉलिशपेपरचा आवाज, मग फुंकर. घरभर लाल भुसा. डाळीत, उशीवर, माझ्या केसांत. पूर्वीची मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. आता मी फक्त झाडत होते.

मला तो हाक मारायचा ती मापासाठी. टेपचं एक टोक माझ्या हातात.

"धर."

"धरलं."

"सोड."

त्या दिवसांतला आमचा संसार एवढ्या तीन शब्दांत मावला असता. लोकांना वाटतं, दुःखात नवराबायको जवळ येतात. येत असतील बापडे. आमच्यात टेपची लांबी होती.

पहिला ट्रे झाला तेव्हा त्याने तो आत सरकवला आणि तो निम्म्यात अडकला. मग कळलं, की त्या फ्रिजच्या आतल्या प्लास्टिकच्या भिंती सरळ नाहीतच. दाराशी रुंद आणि मागे किंचित निमुळत्या. बाहेरून बघणाऱ्याला ते दिसत नाही, पण सरळ कोनाचा ट्रे तिथे जाऊन रुततो. शिवाय तळाशी मागच्या बाजूला मशिनसाठी पायरीसारखा उंचवटा, म्हणून खालचा ट्रे आखूड हवा. अविनाशने पुठ्ठ्याचे साचे कापले. एकेका कप्प्यासाठी वेगळा साचा, त्यावर पेन्सिलीने वर, मधला, खालचा. मग नव्याने कापाकापी. ट्रे छान बसला तो दिवस कोरडा होता. दोन दिवस पावसाची झड लागली आणि तोच ट्रे फुगून हलेना. दोन्ही कडांना पत्त्यातलं एक पान सरकेल एवढी जागा सोडायला हवी, हे मग लक्षात आलं. खरंच तो कॅटमधला चौकटचा राजा घेऊन बसायचा आणि कडेकडेने फिरवायचा. रंग नाही, पॉलिश नाही. लाकूड उघडंच ठेवायचं, अशी अंकलची सक्त ताकीद.

अंकल मधूनमधून वर यायचे. "नो हरी, अविनाश. स्वल्प स्वल्प," म्हणायचे, म्हणजे थोडं थोडं, आणि स्वतःच घाईने प्रत्येक ट्रे उचलून नाकाला लावायचे. एकदा त्यांनी एक ट्रे माझ्यापुढे धरला. "स्मेल करो, अम्मा. ये है असली खुशबू." मी नाक लावलं. मला काही म्हणजे काहीच वास आला नाही. मी "छान आहे" म्हणाले. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि मग ट्रे फार सांभाळून खाली ठेवला. त्यांची बायको, आंटी, रोज दुपारी काहीतरी वाटीत घालून वर यायची. "स्वल्प तिन्नम्मा, स्वल्प," म्हणत, थोडं तरी खा म्हणून, समोर बसून राहायची. तिच्यासाठी मी खायचे. पोटाला भूक अशी नव्हतीच.

आता आठवते ती त्या दिवसांची पांढुरकी दुपार. समोरच्या घरावर वाळत घातलेल्या साड्या, कोणाच्या तरी रेडिओवरच्या कन्नड बातम्या, ज्यातलं मला मधूनच एखादं 'मत्तु', म्हणजे 'आणि', तेवढं कळायचं, आणि हॉलमध्ये ते काचेचं दार. मी त्यात स्वतःला बघायचे. आत रिकामे ट्रे आणि वर माझा चेहरा. ट्रंक बाहेर काढली होती, दिवाळीसाठी म्हणून. त्यात मी हिवाळ्याचे कपडेही भरले, पुस्तकंही भरली, शिक्षिकेच्या नोकरीला लागणारी प्रमाणपत्रंही. अविनाशने एकदा ट्रंक पाहिली आणि म्हणाला, "जड होईल." मी म्हटलं, "हमाल करीन." बस.

नवमीला अंकल-आंटी मळ्यावर गेले. जाताना आंटीने जिन्यातूनच बजावलं, घरातल्या एकूण एक मशिनची पूजा करायची. इथे तशीच रीत आहे. आमच्याकडे नागपूरला दसऱ्याला पाटावर एखादी कात्री, एखादी सुरी मांडली की झालं. इथे नवमीला बसपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं. आणि त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. करवत, रंधा, पटाशी, काही उचलायचं नाही. अविनाशने उगाच वाद घातला नाही. पण सकाळपासून तो पिंजऱ्यातल्यासारखा येरझाऱ्या घालत होता, आणि शेवटी चालायला म्हणून बाहेर पडला.

मी ताट घेऊन घरभर फिरले. स्कूटर, गॅस, शिलाई मशीन. त्याची करवत, रंधा, पटाशी ओळीने मांडून त्यांना फुलं वाहिली. मनात काही नव्हतं. आंटीने सांगितलं म्हणून हात चालत होते. शेवटी ते काळं खोकं. तेही मशीनच, मेलेलं का होईना. त्याच्या माथ्यावर कुंकू लावलं आणि कापूर पेटवला, पण गॅलरीतून असा वारा येत होता की ज्योत टिकेना. दोनतीनदा विझली. तेव्हा मी कापराची वाटी मधल्या ट्रेवर ठेवली, पेटवली आणि काचेचं दार लावून घेतलं. ज्योत क्षणभर सरळ उभी राहिली. लाल लाकूड उजळलं. छान दिसत होतं, असं मला वाटलं. वाटलं, हे मुद्दाम सांगते, कारण बऱ्याच दिवसांत तसं काही वाटलं नव्हतं. मग आतली हवा संपली आणि ज्योत गेली. उरलेल्या कापराच्या वड्या तशाच आत राहिल्या. त्या दिवशी तिथलं काही उचलायचं नव्हतं, म्हणून मीही दार उघडलं नाही.

सीडर ओल धरतं, वास धरतं, हे मी इतके दिवस ऐकत होते. तरी तो विचार माझ्या मनाला शिवला नाही. दसऱ्याच्या सकाळी अविनाशने उत्साहाने दार उघडलं आणि देवळाच्या गाभाऱ्याचा भपकारा हॉलभर पसरला. तो मला आला. भुसा, लाकूड, फोडणी, कशाचा वास न येणाऱ्या मला कापराचा वास आला, डोळ्यांत पाणी येईल इतका.

पुढे त्या कपाटाचं काय झालं, ते इथेच सांगून टाकते. अविनाशने ट्रे घासले, उन्हात ठेवले, पुन्हा घासले. अंकलनी हिंमत करून एक सिगार आत मुरवला, ओढला, आणि म्हणाले, देवळात ओढल्याचं पाप लागलं. शेवटी आंटीने त्यात आपल्या लोकरी शाली ठेवल्या. त्यांना कधी कसर लागली नाही. अंकल पाहुण्यांना कपाट दाखवायचे आणि म्हणायचे, हे माझ्या सिगारसाठी केलं होतं, बायकोने जिंकलं. कोणाच्या बायकोने, ते सांगायचे नाहीत.

पण दसऱ्याच्या त्या सकाळी कोणी हसत नव्हतं. अविनाशने एकेक ट्रे ओढून बाहेर काढला, नाकाला लावला, जमिनीवर ठेवला. मग उठला आणि ओरडला.

"वेडी आहेस का तू? उघड्या लाकडात कापूर? काढ आता तो वास! काढ बघू कसा काढतेस!"

तो कधी ओरडत नाही. त्याचा आवाज चिरकला. मला भीती वाटली नाही, वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. ह्या घरात कोणाला तरी काहीतरी होतंय! मी मुद्दाम, थंडपणे म्हटलं, "लाकूडच आहे. दुसरं कर."

"दुसरं कर?"

"हो. एवढं काय त्यात? लाकडासाठी रडायला येतंय तुला. तिच्यासाठी नाही आलं ते."

तो एकदम खाली बसला, ट्रेंच्या मध्ये. बराच वेळ त्याने पत्त्याचं ते पान दोन बोटांत वाकवलं, सरळ केलं.

"मला खोकं करता येतं," तो म्हणाला. "तेव्हा वेळच नव्हता. टॉवेलात नेली."

"कोणाला?"

खरंच विचारलं मी असं. कोणाला.

"तिला. अंकलनी गाडी काढली. मी मागे बसलो, मांडीवर घेऊन. ते म्हणाले होते, एखादी पेटी बघू या. रविवार होता. सगळं बंद. मग तशीच नेली."

"हॉस्पिटलच्या लोकांनी..."

"नाही. मीच. अंकल स्मशानाबाहेर थांबले. ते गाडी चालवत होते तेव्हाही समोरच बघत होते, मागे वळले नाहीत. चांगले आहेत ते."

बाहेर कोणीतरी स्कूटरपुढे कोहळा फोडला, पोरं ओरडली. आमच्या हॉलमध्ये कापूर दाटला होता. आषाढापासून मी समजत होते, की ती कोणी न बघताच गेली. एक बातमी आली आणि संपली, असं. आणि ह्या माणसाने तिला मांडीवर घेऊन सगळं शहर पार केलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं, आणि सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं, की माझ्यासमोर विषय काढायचा नाही.

"तू पाहिलीस तिला?"

त्याने होकाराची मान हलवली.

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. आमच्यामध्ये ट्रे होते. विचारायचं कसं हे मला कळेना. एखाद्या परगावच्या माणसाबद्दल विचारावं तसं मी विचारलं, "केस होते?"

"होते. बरेच. ओले होते, म्हणून कपाळाला चिकटलेले. मी मागे केले."

"नाक?"

"तुझ्या आईचं."

"अरे देवा," मी म्हटलं. आईचं नाक आमच्या घरात कोणालाच नको होतं. तो हसला नाही, मीही नाही, पण मध्ये काहीतरी हललं. मग तो रडला, अगदी आवाज करून, तोंड वाकडं करून. मी त्याचं मनगट धरलं. मला रडू आलं नाही. ते पुढे फार उशिरा आलं, बसमध्ये, काहीही कारण नसताना. त्या दिवशी मी फक्त धरून बसले होते आणि त्याचं मनगट गरम आहे हे मला कळत होतं.

तिकीट काढलेलं होतं, ट्रंक भरलेली होती. मी गेले. स्टेशनवर त्याने ट्रंक स्वतः उचलली आणि "परत कधी?" असं विचारलं नाही. इतकी जड ट्रंक उचलणाऱ्या माणसाला काय ते कळलं असणार. नागपूरला आईने लाडू केले, भावाने फटाके आणले. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंशी बोलणं झालं होतं, नोकरी जवळजवळ ठरलीच होती. मी फराळ केला, ओवाळलं, विचारलं त्याला उत्तरं दिली. फक्त आई माझ्याशी बोलत असली की मी तिच्या नाकाकडे बघत बसायचे. ती वैतागून म्हणायची, "काय बघून राहिली गं अशी?"

भाऊबीज झाल्यावर मी ट्रंक पुन्हा भरायला घेतली. आई दारात उभी राहिली. म्हणाली, "आता कशाले चालली तिकडं? तूच तर म्हणत होती, काहीच वाटत नाही म्हणून."

"अजूनही नाही वाटत," मी म्हटलं.

"मग?"

ह्या जगात माझ्या मुलीचा चेहरा पाहिलेला एकच माणूस होता, आणि तो बेंगळुरूला होता. मी ट्रंकेला कुलूप लावलं आणि म्हटलं, "तिच्या नखांचं विचारायचं राहिलंय."